उन्हं चढली की देवी नाही म्हणते

"नडक्कुदु! नडक्कुदु!" पुढच्या रांगेतली बाई किंचाळली, आणि मांबलम स्टेशनजवळच्या कल्याण मंडपात बसलेली झाडून सगळी माणसं गुडघ्यांवर उभी राहिली. नडक्कुदु म्हणजे चालतंय. चालत होतं ते एक चांदीचं कासव. मुठीएवढं, पाठीवर कुंकू फासलेलं आणि पोटात तांदळाची पिठी भरलेलं. काळ्या पाटावर ते आपलं आपण सरकत होतं आणि मागे पिठीची बारीक रेघ सोडत होतं. कुणी हात लावत नव्हतं, कुठे दोरी दिसत नव्हती. पाटावर आधी मांडलेल्या ठिपक्यांना वळसे घालत रेघ फिरली, आणि बघता बघता कोलम तयार झालं. चेन्नईतल्या बायका रोज सकाळी दारात पिठीची रांगोळी काढतात, तसंच.

पाटामागे कूर्मस्वामी बसले होते. वय चाळिशीच्या आसपास, दाढी नीट कातरलेली, अंगावर सिल्कचं भगवं उपरणं. पाटाखालचा चौरंगही जमिनीपर्यंत सिल्कनंच झाकलेला होता. बाजूला विजेवर चालणारं ढोल-घंटेचं यंत्र सतत बडवत होतं, त्यामुळे शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागे.

"हात माझा नाही!" स्वामी माइकवरून गरजले. "हात तुमचा नाही! मग हात कुणाचा?"

"अंबाळचा!" मंडप ओरडला. अंबाळ म्हणजे देवी.

"सायन्स काय म्हणतं? सायन्स म्हणतं, वस्तूला ढकलल्याशिवाय ती हलत नाही. बरोबर! मग देवी ढकलते! सायन्सलाही हे मान्य आहे!"

यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या बँकेच्या शाखेतले दोन ऑफिसर होते. त्यांतला एक कर्जाच्या प्रत्येक कागदावर तीन तीन शंका काढतो. इथे मात्र त्याला एकही शंका सुचली नाही.

देवीचं उत्तर वाचायची रीत सोपी होती. कोलमची रेघ जिथून निघाली तिथेच येऊन जुळली तर होकार. तोंड उघडं राहिलं तर नकार. इथे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अर्धवट सोडलेल्या कोलमच्या फटीतून अवदसा घरात शिरते, असं इथल्या पोरींना लहानपणापासून ऐकवलेलं असतं. स्वामींनी तीच भीती उचलली आणि तिच्यावर दुकान थाटलं.

मी तिथे गेले होते ते सईबाईंना सोबत म्हणून. सईबाई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. घराणं तंजावरकडचं, मराठी जुनी आणि तमिळ हेल असलेली. कोल्हापूरहून बदली होऊन मी इथे आले, तेव्हा पहिला महिनाभर मला रोज रसम पाठवणारी ही बाई. तिच्या छातीत गाठ निघाली होती. अण्णा नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं होतं, की गाठ वाईट आहे, याच महिन्यात ऑपरेशन करा, उशीर परवडणार नाही. तारीखही दिली होती. आणि सईबाई ती तारीख घेऊन एका कासवाकडे आल्या होत्या.

आमचा नंबर लागला तेव्हा मे महिन्याचं ऊन पत्र्यावर तापत होतं. सईबाई हात जोडून म्हणाल्या, "अम्मा, ऑपरेशन कराच कां नको?"

कासव निघालं. अर्धं कोलम ठाकठीक झालं. मग एका वळणावर ते अडखळलं, जागच्या जागी थरथरलं, पुन्हा निघालं. शेवटची रेघ सुरुवातीपासून बोटभर बाजूला जाऊन थांबली.

"नाही," स्वामींनी डोळे मिटून जाहीर केलं. "देवी म्हणते, अंगाला लोखंड लावू नकोस. या गाठीत तुझं पूर्वकर्म आहे. कॉस्मिक कंपनांनी ती आपोआप विरघळेल."

सईबाईंच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. ऑपरेशनची भीती कुणाला नसते? त्या भीतीला देवीचा शिक्का मिळाला, की माणूस आनंदानं खड्ड्यात उतरतो.

संध्याकाळी त्यांच्या घरी जो गोंधळ झाला तो अख्ख्या मजल्यानं ऐकला. सईबाईंची मुलगी दिव्यश्री अंबत्तूरच्या एका आयटी कंपनीत नोकरीला आहे. तिचा जीव मात्र नोकरीत नाही. सुट्टी मिळाली की ती रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाते, स्वस्तातले चिमुकले संगणक आणते आणि त्यांच्यापासून काहीबाही करत बसते. एका चिपमध्ये मावणारा संगणक, एक छोटा बोर्ड, चार तारा. गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद करणारं यंत्र तिचंच. तुळशीची माती सुकली की शीळ घालणारी कुंडीही तिचीच. या पोरीची आई कासवाच्या सांगण्यावरून ऑपरेशन टाळणार होती.

"अम्मा, डॉक्टर सांगते ते खोटं, आणि कासव सांगतं ते खरं?"

"कासव नाही गे, अंबाळ सांगट्ली."

"अप्पा, तुम्ही तरी बोला की!"

दिव्यश्रीचे वडील राणोजी रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "देवीच्या मध्यें मी कसा बोलूं?" आणि पेपर तोंडासमोर धरला.

मग दिव्यश्रीनं माझ्याकडे मोर्चा वळवला. "अक्का, तुम्ही पाहिलंत ना? नीट सांगा. कसं चालतं ते?"

मी पाहिलेलं सगळं सांगितलं. ते वळणावर अडखळलं आणि जागच्या जागी थरथरलं असं म्हणाले मात्र, तिनं मला थांबवलं. "थरथरलं? आणि सकाळपासून सगळ्यांचंच तसं होत होतं?"

आम्ही सकाळपासून रांगेत होतो, त्यामुळे मला आठवत होतं. सुरुवातीच्या माणसांना होकार मिळत गेले. एकाच्या मुलीचं लग्न जुळणार होतं, एकाला घर बांधायचं होतं. ऊन चढलं तशी देवी बिघडली. त्यानंतर एकालाही होकार नाही. स्वामींनी त्यावर सांगितलं होतं, की शुक्रवारचा राहुकाळ लागला, आता देवी उग्र आहे. भाविकांनाही हे ठाऊक झालेलं होतं. सकाळचा नंबर मिळावा म्हणून लोक पहाटेपासून मंडपाच्या पायरीवर चपला मांडून ठेवत.

दिव्यश्री उठली, आणि भिंतीवरचं रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर काढून आणलं. त्यावर रोजचा राहुकाळ छापलेला असतो, आणि या शहरात तो पाहिल्याशिवाय नवी बादलीसुद्धा घरात येत नाही. खालच्या मजल्यावरची भवानी मंगळवारी स्वामींकडे जाऊन आली होती. दिव्यश्रीनं तिला हाक मारून वर बोलावलं.

"भवानी अक्का, तुम्हाला नकार मिळाला तो कधी?"

"बाराच्या सुमाराला. माझ्या आधीच्या सगळ्यांनाही नाहीच म्हणाली."

"मंगळवारचा राहुकाळ दुपारी तीनला लागतो," दिव्यश्री म्हणाली. "म्हणजे राहुकाळ रोज जागा बदलतो, आणि देवी मात्र रोज उन्हं चढली की नाही म्हणते. तिला राहूची नाही, उन्हाची अडचण आहे. आणि ती अडचण मला माहीत आहे."

तिनं पलंगाखालून एक लाकडी खोका ओढला. हा तिचा आवडता खेळ होता. मोडीत निघालेल्या प्रिंटरमधल्या दोन मोटारी, एक आडवी नेणारी आणि एक उभी नेणारी. त्यांच्यावर बसवलेलं लोहचुंबक. मोटारी चालवणाऱ्या दोन चिपा, आणि त्यांना हुकूम सोडणारा तो छोटा बोर्ड. वर पातळ फळी. तिनं फळीवर लोखंडी झाकणाची एक बाटली उलटी ठेवली. झाकणाला बारीक भोक होतं आणि आत पिठी. तिनं बटण दाबलं. बाटली चालू लागली आणि आमच्या डोळ्यांदेखत फळीवर कोलम उमटलं.

"ही मार्गळी महिन्यातल्या कोलम स्पर्धेसाठी केली होती. परीक्षकांनी बाद केली, हातानं काढलं नाही म्हणून," ती म्हणाली. मग तिनं खोक्यातला एक इवलासा पंखा बंद केला. पुन्हा कोलम, पुन्हा कोलम, पुन्हा कोलम. थोड्या वेळानं बाटली एका वळणावर अडखळली, थरथरली, आणि रेघ बोटभर चुकली.

"मोटार चालवणारी चिप तापली की क्षणभर स्वतःला बंद करते. जळू नये म्हणून तशी बनवलेलीच असते. तेवढ्यात मोटारीची पावलं चुकतात. मलाही आधी कळेना. मग पंखा बसवला. त्या स्वामीनं बसवला नाही, कारण पंख्याचा आवाज येतो. मोटारीचा आवाज लपवायलाच तर ढोल बडवतोय."

मला वाटलं, आता संपलं. मी सईबाईंकडे पाहिलं. त्या मन लावून कोलम बघत होत्या.

"चांगलं केलंस गे," त्या म्हणाल्या. "पण हें तुझं मशीन. तुझं बिघडतं म्हणून अंबाळचंही बिघडतं कां?"

खोट्या नोटेशेजारी खरी नोट ठेवली की फरक दिसतो, एवढाच माझा बँकेतला अनुभव. इथे पोरीनं खरं यंत्र पुढ्यात ठेवलं, आणि आईला खोटी देवीच जास्त खरी वाटली. दिव्यश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं. "तारीख दोन आठवड्यांवर आहे अक्का," ती जिन्यात मला म्हणाली. "ती चुकली तर अम्मा परत तयार होणार नाही. ओळखते मी तिला."

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघी मंडपात गेलो. सईबाईंना मी माझ्या बदलीचा प्रश्न विचारायचा आहे असं सांगून नेलं. खोटं बोलले, आणि त्याची मला अजिबात खंत नाही. ऊन पुरतं चढेपर्यंत दिव्यश्रीनं आमचा नंबर दोनदा मागच्यांना देऊन टाकला. सकाळचा नंबर सोडून देणारी मुलगी पाहून लोक तिला वेडी समजले.

अखेर ती पाटासमोर बसली. ओढणीखाली तिचा हात डोक्याकडे गेला, तेव्हा मला काही कळलं नाही.

"प्रश्न सांग, बाळ," स्वामी म्हणाले.

"माझ्या आईचं ऑपरेशन करू का?"

सईबाई दचकल्या. "हें काय गे? एकदा विचारट्लं ना!" पण कासव निघालं होतं, आणि देवीचं काम चालू असताना उठायची सोय नव्हती.

दिव्यश्रीनं दोन वळसे होऊ दिले. मग तिनं सरळ हात घालून कासव उचललं.

मंडपात एकच हाय झाली. स्वामी अर्धे उठले. आणि दिव्यश्रीनं केसांतली लोखंडी पिन काढून, जिथे कासव होतं तिथे ठेवली.

पिन चालू लागली.

साधी, दहा पैशांची, काळी पिन. ती ठिपक्यांना वळसे घालत, पिठीतून खरखरत, देवीचं उरलेलं कोलम गिरवत निघाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं पिनेला हात जोडले. मी हे स्वतः पाहिलं आहे.

स्वामींना वाटलं, अजून वाट आहे. "बघा! बघा!" ते ओरडले. "देवीची लीला! अंबाळनं पिनेत प्रवेश केला!"

"अंबाळ!" मागून दोन-तीन आवाज आले. खरंच आले. माणसं किती खाली उतरू शकतात याचा तळ मला त्या दुपारीही सापडला नाही.

"प्रवेश केला?" दिव्यश्री म्हणाली. ती उठली आणि तिनं ढोलाच्या यंत्राची वायर भिंतीतून उपटली. एकदम शांतता झाली. त्या शांततेत पाटाखालून बारीक सुरात गुणगुण ऐकू आली. पिन सरळ चालली की एक सूर, वळली की दुसरा. मग ते थरथरणं आलं, आणि गुणगुणीला खरखर फुटली. पिन वळणावर अडखळली आणि पुढची रेघ बोटभर बाजूला गेली.

"देवी नाही म्हणाली," दिव्यश्री म्हणाली, आणि चौरंगावरचं सिल्क ओढलं.

आत दोन मोटारी होत्या, सळ्या होत्या, लोहचुंबक होतं, आणि एक हिरवा बोर्ड होता. चांदीच्या कासवाचा तळही लोखंडी निघाला. आमच्या शाखेतला तो शंका काढणारा ऑफिसर मान लांब करून बघत होता. काम खरोखर सुबक होतं. दिव्यश्रीनं वाकून निरखलं. तिच्या चेहऱ्यावर रागाबरोबर कीव होती. "इतकं छान करता येतं, आणि हे केलंत?" ती स्वामींना म्हणाली. "हेच उघडं ठेवून दाखवलं असतंत, तर मी रोज बघायला आले असते."

नंतर कळलं, की स्वामींचं मूळ नाव रंगा. अण्णा नगरात तो प्रिंटर दुरुस्त करायचा.

स्वामी काही बोलायच्या आत सईबाई पुढे झाल्या. मला वाटलं, पाया पडतात की काय. त्या खाली वाकल्या आणि बोर्डवरच्या काळ्या चिपेवर त्यांनी बोट ठेवलं. चटका बसला. त्यांनी बोट झटकन तोंडात घातलं, लहान मुलासारखं. मग सरळ उभ्या राहून त्यांनी रंगाला विचारलं, "मला ऑपरेशन नको म्हणून कुणी सांगट्लं?"

रंगा खाली पडलेलं सिल्क गोळा करू लागला.

"तूं सांगट्लास? माझ्यावर राग होता कां तुझा?"

"नाही अम्मा," रंगा पुटपुटला. माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या मंडपानं ऐकलं. "ते कुठे थांबेल ते मलाही ठाऊक नसायचं. ते थांबायचं तसा मी अर्थ लावायचो."

म्हणजे फसवणाऱ्यालाही आपण कुणाला काय सांगणार याची खबर नव्हती. आम्ही समजत होतो की हा बदमाश माणूस लोकांची आयुष्यं ठरवतो. तेवढाही तो नव्हता. आयुष्यं ठरवत होती एक तापलेली चिप. लग्नं, घरं, नोकऱ्या, एका बाईच्या छातीतली गाठ, सगळं तिच्या गरम होण्यावर. आणि हे सगळं ऐकून माणसं काय म्हणाली? एक गृहस्थ मागून ओरडले, "मग माझ्या मुलीच्या लग्नाचा होकार खरा की खोटा?" सकाळी होकार मिळालेल्या आणखी काहींना स्वामींचं ऐकावंसंच वाटत होतं. नकार मिळालेले मात्र झटक्यात बुद्धिवादी झाले आणि रंगाची गचांडी धरायला धावले. पोलीस येईपर्यंत त्याला दिव्यश्रीनं आणि मीच पाठीशी घातलं. ती मारहाणही अक्कल गहाण ठेवूनच चालली होती.

ऑपरेशन दिलेल्या तारखेला झालं. गाठ निघाली, पुढचे उपचार सुरू झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. मी भेटायला गेले तेव्हा राणोजी बाहेर बाकावर बसून होते आणि सईबाई उशीला टेकून दिव्यश्रीच्या हातून ताक पीत होत्या.

"अलका," त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशीं सकाळीं गेली असती, तर तें मशीन हो म्हणालं असतं. नाही?"

"हो," मी म्हटलं. "थंड होतं सकाळी."

"मग मी ऑपरेशन केली असती. बरीही झाली असती." त्यांनी पेला खाली ठेवला. "आणि त्याला आयुष्यभर नमस्कार करत राहिली असती. पुढच्या खेपेला याला कांही झालं असतं, तर याला घेऊनही तिथेंच गेली असती." त्यांनी दाराबाहेरच्या राणोजींकडे बोट दाखवलं.

दिव्यश्रीनं आईचा हात धरून ठेवला.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बाबानं चुकीचं उत्तर दिलं म्हणून त्याला शिव्या देऊ नका, आणि बरोबर उत्तर दिलं म्हणून पाया पडू नका. ज्याला गाठ कळते त्यालाच गाठीबद्दल विचारा. आणि एखादी गोष्ट आपोआप चालताना दिसली, तर हात जोडायच्या आधी तिच्याखालचं कापड बाजूला करून बघा. त्यानं कुठलीही देवी रागावत नाही. रागावतो तो कापड अंथरणारा.